म्हाताऱ्या डोंगराचा दगड

लग्न हिवाळ्यात झालं आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी तो डोंगर पहिल्यांदा पाहिला. राज्य नवं होतं आणि माझं लग्नही नवं होतं. दोन्हींबद्दल लोक भरभरून बोलायचे. मला दोन्हींचा अजून अंदाज यायचा होता.

हे रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, पुढंही मी कधी घेतलं नाही, म्हणून इथंही 'हे' असंच लिहिते. जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला एक रस्ता काढायचा होता, आत कोरकूंच्या गावापर्यंत, आणि त्या कामावर राहायला माणूस पाहिजे होता. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांना बुलढाण्याची थंड हवा मिळाली. यांची कुठं ओळख नव्हती.

मलकापूरहून पॅसेंजरनं नांदुरा, नांदुऱ्याहून एसटी, आणि एसटी जिथं संपायची तिथून दमणी, म्हणजे लहान बैलगाडी. दमणीत माझी ट्रंक, स्टोव्ह, पाटा-वरवंटा आणि मायनं फडक्यात बांधून दिलेलं वांग्याचं आणि मिरचीचं बी. माझे वडील मलकापूरजवळ भाजीपाला पिकवायचे. लेक जंगलात चालली म्हणून माय खूप रडली, पण बी द्यायला विसरली नाही.

वाटेत हे काही बोलले नाहीत. हे देऊळगावकडचे, आणि तिकडचे लोक तसे कमीच बोलतात, असं माझा भाऊ म्हणायचा, आणि बोलले तरी 'मले'च्या जागी 'मला' म्हणतात, त्यामुळे शिकलेले वाटतात. एका वळणावर यांनी दमणी थांबवली आणि बोट दाखवलं.

"तो बघ."

मला वाटलं वाघ आहे. मी झाडीत वाघ शोधला.

"डोंगर," हे म्हणाले. "एक नंबर दगड आहे."

बाकीचा सातपुडा आडवा पडलेला होता, एकामागं एक, निळसर. हा एकटाच पुढं येऊन उभा होता, काळा. खालच्या अंगाला सालई-धावड्याची झाडी होती आणि वर सगळा उघडा. त्या उघड्या भागात दगडाचे खांबच्या खांब एकमेकांना चिकटून उभे होते, वावरात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवाव्यात तसे. पाच-सहा बाजूंचे, कडा सरळ, घडवल्यासारखे. यांनी तो आधीच चढून पाहिला होता आणि टेप लावून मोजला होता. सुरुंग लावला की खांब आपोआप मोकळे होतील, फोडायला कमी त्रास पडेल, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. लग्नानंतर ते माझ्याशी सलग बोलले ते हे पहिलं.

घर गावाबाहेर होतं, कुडाच्या दोन खोल्या, वर गवत. मी मागच्या अंगाला वाफे केले आणि बी टाकलं. वांगी चांगली धरली. गावातल्या बाया बघायला यायच्या, आपसात कोरकूत बोलायच्या आणि माझ्याशी हिंदी आणि वऱ्हाडी मिसळून. त्यांची अडचण नव्हती, माझीही नव्हती. वांगी त्या घेऊन जायच्या आणि कधी मोहाची फुलं, कधी मध आणून द्यायच्या.

बिऱ्हाड लागून थोडे दिवस झाल्यावर गावचा भुमका आला. भुमका म्हणजे कोरकूंचा पुजारी. देवाचं तोच करतो, आजारपण तोच बघतो, पेरणी कधी करायची तेही तोच सांगतो. बारीक अंगाचा, वयस्कर माणूस. कुऱ्हाड त्यानं बाहेर कुडाला टेकवली आणि ओट्यावर बसला. मी चहा दिला. त्यानं तो बशीत ओतून, फुंकून, संपवला आणि मग म्हणाला,

"तुमी म्हाताऱ्याले फोडनार म्हन्तात."

"कोणत्या म्हाताऱ्याला?" यांनी विचारलं.

भुमक्यानं हनुवटीनं डोंगर दाखवला.

"त्याचं नाव म्हातारा आहे का?"

"नाव दुसरं हाये. घेत नाई. मोठ्याचं नाव कोन घेते?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

"दगड काढायचा आहे, रस्त्याला," हे म्हणाले. "रस्ता तुमच्याच गावाला येणार."

"रस्ता पायजे," भुमका म्हणाला. "बाई अडली तं खाटेवर घालून न्या लागते. रस्ता पायजेच. पन तो दगड नाई."

"मग काय आहे?"

"आमचे मानसं हायेत."

मग त्यानं सावकाश सांगितलं. गावात माणूस मेलं की काही काळानं त्याच्या नावानं सागाची फळी कोरतात, तिच्यावर चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार काढतात आणि गावाबाहेरच्या झाडाखाली ती रोवतात. तिला मुंडा म्हणतात. हे सगळेच कोरकू करतात. या गावात त्यापुढं आणखी एक रीत होती. मुंडा रोवला की भुमका डोंगर चढायचा, एका खांबाला हळद लावायचा आणि अमका आला म्हणून म्हाताऱ्याला सांगायचा. तिथून पुढं तो खांब म्हणजे ते माणूस. दुसऱ्या कोरकू गावांत असं काही मी ऐकलं नाही. पण ज्यांच्या गावाला असा डोंगरच नाही, त्यांनी ते कुठं करावं?

यांनी सगळं ऐकून घेतलं. हे कोणाचंही बोलणं मध्ये तोडत नसत. शेवटी विचारलं, "सगळ्याच खांबांत माणसं आहेत का?"

"नाई. लय खाली हायेत."

"खालचे राहू द्या. आम्ही वरचे काढू."

आमच्या मलकापुराकडं 'खाली' म्हणजे रिकामे. यांच्याकडं 'खाली' म्हणजे बुडाशी. दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी मी दारातून म्हणाले, "रिकामे हायेत म्हणून राह्यले ते."

"अच्छा," हे म्हणाले. "मग रिकामे काढू. त्याला तर हरकत नाही?"

"ते बी आमचेच. जे आता जित्ते हायेत त्याईचे."

"कोणता कोणाचा?"

"ते मेल्यावर समजते."

 भुमका उठला, कुऱ्हाड घेतली आणि गेला. भांडण झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं आमच्याकडं सरपण आणून टाकलं.

यांनी ही गोष्ट साहेबांच्या कानावर घातली. साहेब म्हणजे बुलढाण्याचे इंजिनियर, पुण्याकडचे, उंच, चष्मा लावणारे. महिन्याभरात ते जीप घेऊन स्वतःच आले. त्यांना दगडांचा नाद होता, बरोबर एक लहान हातोडी असायची. सगळ्यांना घेऊन ते डोंगराच्या निम्म्यापर्यंत गेले, मीही गेले, आणि तिथं बसून त्यांनी भुमक्याला डोंगर कसा झाला ते सांगितलं.

"ही सगळी जमीन एके काळी विस्तव होती. तुम्ही गुळाची काहील पाहिली आहे? तसा तापलेला दगडाचा रस जमिनीच्या पोटातून वर यायचा आणि पसरायचा. इथं बहुधा त्याचं तोंड होतं. रस तोंडातच थिजला. थिजताना आक्रसला आणि तडकला, म्हणून हे खांब झाले. आजूबाजूचं झिजून गेलं, हा राहिला."

भुमका मन लावून ऐकत होता. "किती वर्सं झाले?"

"मोजता येणार नाहीत. माणूसच नव्हता तेव्हा."

"म्हनून तं म्हातारा म्हन्तो," भुमका म्हणाला.

साहेबांना ते फार आवडलं. भुमक्यालाही विस्तवाची गोष्ट आवडली. त्यानं ती दोनदा सांगायला लावली आणि बाकीच्यांना कोरकूत समजावून दिली. दुपारभर दोघांचं फार जमलं. खाली आल्यावर साहेब जीपमध्ये बसले आणि यांना म्हणाले, "माणूस चांगला आहे. पाऊस संपला की काम सुरू करा. जवळ दुसरा दगड नाही."

मला तेव्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात मलकापूरला जायचं ठरलं होतं. त्या वर्षी श्रावणात पाऊस लागून राहिला. नाले उतरेनात, एसटी बंद, दमणी चिखलात रुतायची. आज उतरेल, उद्या उतरेल, असं करता करता सातवा सरला. त्यातच सुरुंगाच्या दारूची परवानगी आणायला यांना बुलढाण्याला बोलावणं आलं. ओव्हरसियर दारू आणायला गेले ही बातमी गावात गेली आणि दोघा-तिघांनी माझ्याकडं येऊन ते कधी परततील याची चौकशी केली.

हे गेले त्यानंतर दोन-तीन दिवसांत, सकाळी वांगी तोडताना माझ्या पोटात कळ आली. मी टोपली ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन पडले. दिवस भरले नव्हते. भुमक्याची बायको सरपण घेऊन आली तेव्हा तिनं दारातूनच ओळखलं. मोळी टाकली, माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता नाई थांबत हे." तिनं आणखी दोघींना हाक मारली. एकीनं चूल पेटवली. एकीनं माझ्या पाठीशी बसून मला धरलं. तिचं तोंड मी शेवटपर्यंत पाहिलं नाही, फक्त तिच्या हातावरचं गोंदण पाहिलं.

मुलगी झाली. लहान होती, ओंजळीत मावेल एवढी. रडली नाही, मांजरीच्या पिलासारखा आवाज केला. भुमक्याच्या बायकोनं तिला पुसून, फडक्यात गुंडाळून माझ्या छातीवर ठेवलं. तिचे केस ओले होते आणि फार होते. ती माझ्याकडं बघत होती असं मला वाटलं. तेवढ्या लहान पोरांना दिसत नाही म्हणतात. दिवस मावळायच्या आत तिचा श्वास थांबला. मला कळलं नाही. भुमक्याच्या बायकोला कळलं. तिनं लगेच सांगितलं नाही, मला पाणी पाजलं आणि मग सांगितलं.

मी रडले नाही. टोपलीतली वांगी आत घ्या, पावसात भिजतील, असं म्हणाले. ती आत घेतली गेली.

"तुमच्यात काय करतात?" भुमक्याच्या बायकोनं विचारलं.

"लहानाले पुरतात."

भुमका आला. घराच्या मागं, वाफ्यांच्या पलीकडं पळसाखाली त्यानं खड्डा खणला. मला उठता येत नव्हतं. कुडातून मला पहारीचा आवाज ऐकू येत होता, ओल्या मातीत येतो तसा, बसका. मग तो दाराशी येऊन उभा राहिला. बाळंतिणीच्या खोलीत तो आला नाही. बाहेरूनच म्हणाला,

"बाई, वर सांगू का?"

तो काय विचारतोय ते मला कळलं होतं. मी म्हणाले, "हाव."

दुसऱ्या दिवशी पावसातच तो वर जाऊन आला. भुमक्याची बायको हे येईपर्यंत माझ्याजवळ राहिली. तिनं मला कुटकीची पेज करून घातली, अंग शेकलं, छाती दुखायला लागली तेव्हा पाला बांधला. ती फारसं बोलायची नाही. एकदा म्हणाली, "माहे बी दोन वर हायेत." आणि पेज ढवळत राहिली.

हे आले तेव्हा नाला छातीएवढ्या पाण्यातून उतरून आले होते. दारात उभे राहिले. माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं पाहिलं.

मी म्हणाले, "मुलगी होती."

"होती?"

"हाव."

त्यांनी जोडे काढले. पाय धुतले. आत येऊन भिंतीला टेकून बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. सकाळी ते छपरावर चढले आणि जिथं गळत होतं तिथलं गवत बदललं. जिथं गळत नव्हतं तिथलंही बदललं. असे दोन दिवस गेले. परवानगीचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पोळा झाल्यावर, मला चालता यायला लागल्यावर, ते भुमक्याकडं गेले आणि म्हणाले, "कोणता आहे, दाखवता?"

आम्ही तिघं चढलो. मला वेळ लागला, मधे मधे बसावं लागलं. वर खांबांच्या मधून बारीक वाट होती, एका माणसापुरती. ऊन तापलेलं होतं, पण खांबांच्या आतल्या बाजू गार होत्या. बऱ्याच खांबांवर हळदीचे जुने डाग होते, काहींवर शेंदूर. भुमका जाता जाता ओळख करून देत होता, बाजाराच्या दिवशी गावात करून द्यावी तशी. हा माझा काका. ही पाटलाची पहिली बायको. हा लय भांडायचा.

मुलीचा खांब बुटका होता, माझ्या कमरेएवढा, वरून तुटलेला. दोन उंच खांबांच्या मधे. हळद पावसानं धुऊन गेली होती, फटीत थोडी पिवळी राहिली होती.

"हे इकडची माही माय," भुमका म्हणाला. "गावातले निम्मे लोक तिच्याच हातावर जन्मले. अन् हा तिचा भाऊ. त्याले वाघानं नेलं. अंग सापडलंच नाई, म्हनून इथीच काय तो हाये. लहान पोर एकटी कशी ठेवाव? म्हनून यांच्यात ठेवली."

यांनी खिशातून टेप काढला, खांबाला लावला, आणि मग काय करत आहोत हे लक्षात आल्यावर परत गुंडाळला. मी हात लावला. दगड दगडासारखाच होता. तरी मला तिथून उठवेना. भुमक्याच्या मायच्या खांबाला टेकून मी बसले आणि पहिल्यांदा रडले, बराच वेळ. दोघंही पुरुष थोडे लांब जाऊन उभे राहिले. भुमका यांना लांबचे डोंगर दाखवत होता.

दसऱ्याच्या सुमारास सुरुंगवाले आले. यांनी त्यांना नाल्याकाठी राहुट्या ठोकायला सांगितल्या आणि म्हणाले, थांबा. ते थांबले. पत्ते खेळले, मासे धरले, आमची वांगी खाल्ली. हे रोज सकाळी भाकरी बांधून निघायचे आणि नाले, टेकड्या धुंडाळून यायचे. खिशात दगडाचे तुकडे असायचे. ते ओट्यावर मांडायचे, हातोड्यानं फोडायचे आणि बहुतेक फेकून द्यायचे.  एक दिवस एक तुकडा त्यांनी फेकला नाही.

काम सुरू नाही हे बुलढाण्याला कळायला वेळ लागला नाही. साहेबांची जीप आली ती धूळ उडवतच आली. साहेब ओट्यावर बसले. मी चहा टाकला. चूल दाराच्या आतच होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"सुरुंगवाले पत्ते खेळताहेत, ओव्हरसियर."

"हो साहेब."

"का?"

"तो दगड काढता येणार नाही."

"का? मऊ निघाला?"

"नाही. चांगला आहे. कडक आहे."

"मग?"

"तिथं आमची मुलगी आहे."

साहेबांना आमचं काही माहीत नव्हतं. यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. हे जेवढं झालं तेवढंच बोलले, चार-पाच वाक्यांत.  मी चहा नेऊन दिला तेव्हा साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मला माहीत नव्हतं." मी म्हणाले, "बसा, चहा थंड होईल."

चहा घेऊन झाल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "तेवढा भाग सोडून देऊ. खूण करून ठेवू. बाकीच्या बाजूनं काढू."

"मीही तोच विचार केला होता," हे म्हणाले. "तिच्या एका बाजूला भुमक्याची आई आहे. दुसऱ्या बाजूला त्याचा मामा आहे. मामाच्या पलीकडं भुमक्याचे दोन आहेत. एकाला सोडायचं तर शेजारच्याला सोडावं लागतं. मी शेवटपर्यंत जाऊन पाहिलं. कुठं थांबायचं ते सापडलं नाही."

 हातोडी जीपमध्येच ठेवून साहेब डोंगरावर गेले, एकटे. भुमका मागून जाऊ लागला तर त्याला त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं. ते उतरले तेव्हा उन्हं कलली होती. वर त्यांनी काय केलं मला माहीत नाही. बूट मात्र हातात होते.

"दुसरा दगड कुठं बघून ठेवला असेल तर दाखवा."

नाल्याच्या पलीकडं एक लांबट, बुटकी टेकडी होती. वरून तांबूस माती, म्हणून पहिल्या खेपेला कोणी तिच्याकडं पाहिलं नव्हतं. यांनी खणून ठेवलं होतं, आत काळा दगड लागला होता. डोंगरावरच्याइतका चांगला नव्हता, हे यांनीच साहेबांना सांगितलं. खांब नव्हते, सगळा फोडावा लागणार होता. शिवाय अंतर जास्त. गाड्या जास्त लागणार, काम एक हंगाम पुढं जाणार.

"त्यात कोणी नाही ना?" साहेबांनी भुमक्याला विचारलं.

"त्यात कोनी नाई. ओव्हरसियरनं आधीच इचारलं."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "वरच्यांना काय सांगायचं ते माझ्याकडं." त्यांना त्याबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं असं पुढं कानावर आलं. आमच्यापाशी त्यांनी कधी विषय काढला नाही. पुढच्या खेपेला आले तेव्हा माझ्यासाठी त्यांच्या बायकोनं लोणचं पाठवलं होतं. फार गोड होतं.

रस्ता झाला. कोरकूंनीच तो दगड फोडला, बायांनी गिट्टी टाकली, भुमक्याची बायकोही रोजानं आली. त्या टेकडीची निम्मी बाजू गेली आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पहिली एसटी आली त्या दिवशी सगळा गाव रस्त्याकाठी उभा होता. ड्रायव्हर-कंडक्टर उतरले, त्यांना गूळ-पाणी दिलं. बस वळली आणि रिकामीच गेली. कुठं जायचं असं कोणाचं काही ठरलं नव्हतं. पुढच्या खेपेला दोन माणसं आणि एक बकरी बसली.

त्याच वर्षी यांची बदली झाली, लोणारच्या बाजूला. तिथं सरोवर बघायला मोठमोठी शिकलेली माणसं यायची आणि तो खड्डा खालच्या विस्तवानं झाला की वरून दगड पडून झाला यावर वाद घालायची. हे रस्ता दाखवायला त्यांच्याबरोबर जायचे. घरी आल्यावर मी विचारायचे, काय ठरलं? हे म्हणायचे, अजून नाही ठरलं. पुढं मला दोन मुलगे झाले, दोन्ही मलकापूरला, दवाखान्यात, दिवस भरून. मायनं दोन्ही वेळा डिंकाचे लाडू केले. पहिलीबद्दल माहेरी कोणी बोलत नसे. मला वाईट वाटेल म्हणून बोलत नसावेत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मुलगे शाळेत जाण्याएवढे झाल्यावर आम्ही एकदा तिकडं गेलो. यांनीच काढलं, चल, जाऊन येऊ म्हणून. एसटी आता थेट गावापर्यंत जात होती. रस्ता ठिकठिकाणी उखडला होता. हे खिडकीतून बघत होते आणि प्रत्येक खड्ड्याला मान हलवत होते. भुमका त्याआधीच्या हिवाळ्यात गेला होता. त्याची बायको होती. डोळ्यांना कमी दिसायचं, तिनं मला आवाजावरून ओळखलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"पोरं?"

"हाव. दोघं."

तिनं दोघांच्या तोंडावरूनही हात फिरवला. मग आम्हाला घेऊन वर निघाली. मी म्हणाले, माय, तुम्ही राहू द्या, आम्हाला वाट माहीत आहे. ती म्हणाली, "मले काय डोये लागते?" आणि आमच्या पुढं चढली. वर गेल्यावर हळदीची पुडी तिनं माझ्या हातात दिली. मी खांबाला हळद लावली. यांनीही लावली. मोठा मुलगा विचारू लागला तेव्हा यांनी त्याला सरळ सांगितलं, ही तुझी बहीण, तुझ्यापेक्षा मोठी. त्यानं खांबाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "मग हिला ताई म्हणायचं?"

"हो," हे म्हणाले.

धाकट्याला भूक लागली होती. आम्ही तिथंच बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. भुमक्याची बायको तिच्या दोघांशी कोरकूत काहीतरी बोलत होती, मधेच हसत होती. वारा चांगला होता. खालून बस निघाल्याचा आवाज आला, ती काही आमची नव्हती, आमची दुपारची.

निघताना तिनं पोरांना फडक्यात बांधून चारोळी दिली. नांदुऱ्याला पोचेपर्यंत त्यांनी ती सगळी संपवली. मलकापूरची गाडी उशिरा होती, म्हणून यांनी स्टेशनबाहेरून भजी आणली आणि आम्ही चौघांनी बाकड्यावर बसून खाल्ली.